वॉलवाले सावळेरामभाऊ

सावळेरामभाऊ पहिल्यांदा माझ्या लॅबमध्ये आले तेव्हा मी घड्याळ शोधत होते. भिंतीवरचं बंद पडून आठवडा झाला होता, आणि तरी खोलीत कुठेतरी टिकटिक चालू होती. मी ड्रॉवर उघडला, खिडकीत पाहिलं, नळ्यांच्या रॅकमागे पाहिलं. समोरच्या स्टुलावर पांढरी टोपी घातलेला, उन्हानं रापलेला, पन्नाशीला आलेला माणूस बाही वर करून बसला होता. तो थोडा वेळ माझी धावपळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "ताई, घड्याळ नका शोधू. मीच वाजतोय."

त्यांच्या छातीत धातूची झडप होती. आमच्याकडे तिला 'वॉल' म्हणतात. शांत खोलीत ती प्रत्येक ठोक्याला बारीक खट् करायची. मी वाकून ऐकलं आणि पटकन मागे सरकले. ते मात्र हसत होते. "घरात उंदीर येत न्हाईत," म्हणाले, "त्येंला वाटतं पिंजरा लावलाय."

नारायणगावात एसटी स्टँडच्या मागे माझी दोन खोल्यांची लॅब आहे. ज्यांना अशी झडप बसवलेली असते त्यांना जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागते, आणि रक्त नेमकं किती पातळ झालंय हे महिन्या-दीड महिन्यानं तपासावं लागतं. फार पातळ झालं तर कुठूनही वाहायला लागतं, आणि पुरेसं पातळ नसलं तर झडपेवर गाठ धरते. त्या तपासणीचा आकडा डॉक्टर आय.एन.आर. म्हणून लिहितात. सावळेरामभाऊ त्याला काटा म्हणायचे. आल्या आल्या विचारायचे, "बघा ताई, काटा कुठं हाय." त्यांच्या डॉक्टरांनी अडीच ते साडेतीन सांगितलं होतं. "आपला घाट येवढाच. ह्याच्या अल्याड पल्याड गाडा गेला की बारी बाद."

घाट, गाडा, बारी हे त्यांचं रोजचं बोलणं होतं, कारण ते बैलगाडा शर्यतीचे निवेदक होते. शर्यतीची चढती धावपट्टी म्हणजे घाट, आणि एका गाड्याची एक धाव म्हणजे बारी. जुन्नर आणि आंबेगावात यात्रा ठरली की लोक आधी बैलांची नावं विचारायचे, आणि मग माईकवर सावळेरामभाऊ आहेत का ते. शर्यती मधली काही वर्षं बंद होत्या तेव्हा ते लग्नात नवरदेवाची वरात पुकारायचे आणि गावच्या सभांचं सूत्रसंचालन करायचे. पण म्हणायचे, "नवरदेव काय पळत न्हाय, राव. मजा न्हाई."

मूळचे ते पिंपरी पेंढारचे. वडील मेंढरं घेऊन फिरायचे. लहानपणी सावळेराम त्यांच्याबरोबर रानात असायचे, आणि या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारता मारता तो आवाज घडला. त्याच दिवसांत घसा सुजून ताप यायचा, सांधे धरायचे. कुणी लिंबाचा पाला बांधला, कुणी अंगारा लावला. तापातून पोर उठलं, पण हृदयाची एक झडप त्या तापानं कायमची आकसली. हे कळलं तिशीत, जेव्हा माईकवर दोन बाऱ्या बोलल्या की धाप लागायला लागली. पुण्यात ऑपरेशन झालं. "छाती करवतीनं उघडली माझी," ते सांगायचे, "आन् आतली झडप काढून लोखंडाची बशिवली. तवापासून बाकीचा माणूस जुना, वॉल नवा."

त्यांच्याकडे शाळेची एक दोनशे पानी वही होती. प्रत्येक तपासणीची तारीख, आकडा, आणि पुढे एकच शब्द. तो शब्द म्हणजे आकडा का हलला याचं कारण. 'मेथी.' 'पाव्हणे.' 'खोकल्याचं औषध.' एकदा नुसतं 'सासुरवाडी.' पालेभाजी अचानक जास्त झाली की गोळीचा जोर कमी पडतो. ते स्वतः मेथी-कोथिंबीर पिकवणारे, त्यामुळे शेतात भाजी निघाली की त्यांचा काटा खाली. एकदा मी रागावले, तर म्हणाले, "ताई, दारात मेथी आसताना माणसानं बटाटा खायचा, ही शिक्षा कुणी काढली?" मग माझ्याकडे बघून समजुतीनं म्हणाले, "जाऊ द्या. रोज मूठभर खातो, पर रोज. एकाच दिवशी पाटी न्हाई." डॉक्टरही त्यांना तेच सांगत होते. आकडा बिघडला की ते कधी खचायचे नाहीत. वही मिटून म्हणायचे, "चला, पुढची बारी."

त्यांना मी घाटावर एकदाच पाहिलं. सासऱ्यांना शर्यती बघायच्या होत्या म्हणून गेले होते. दुपारची वेळ, भंडारा उधळून हवा पिवळी झालेली, आणि गर्दी शेवटच्या निशाणापाशी धावपट्टीवर उतरलेली. कमिटीची माणसं काठ्या घेऊन ओरडत होती, कुणी हलत नव्हतं. खाली घाटाच्या तोंडाशी बैल जुंपून तयार. सुटले असते तर माणसं चिरडली असती. सावळेरामभाऊ बोलायचे थांबले. त्यांनी माईक तोंडापासून खाली आणला आणि शर्टाची बटणं सोडून छातीवर दाबला. साऱ्या कर्ण्यांतून आवाज यायला लागला. खट्. खट्. खट्. गर्दी हळूहळू गप्प झाली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग त्यांचा आवाज आला, "हा माझा वॉल. तुमी असंच हुबं राहिला तर ह्यो बंद पडंल. माझ्यावर दया करा, पावणं, चार पावलं मागं सरा." हशा उसळला आणि गर्दी सरकली. दोन मिनिटांत बारी सुटली. सासरे घरी येईपर्यंत तेच सांगत होते.

लॅबमध्ये बाकावर त्यांच्यासारखे आणखी चार-पाच जण असायचे. पैकी निरगुडसरची पल्लवी. बावीस वर्षांची, वर्षभरापूर्वीच झडप बसवलेली. तिचं लग्न ठरलं होतं. मी रक्त घेत असताना तिची आई हळूच मला म्हणाली, "मॅडम, पावण्यांना सांगितलेलं नाय. गोळ्या तिथं लपवून घेईल ती. तुम्ही रिपोर्ट आमच्याच फोनवर टाका."

बाकावरून सावळेरामभाऊ बोलले. "मावशी, राग मानू नका. लपवून घेतलेली गोळी इसरती. पाव्हणे आले, सण आला, सासूच्या समोर डबा कसा काढायचा? एक दिस, दोन दिस, आन् मग कायमचं. आन् पोर उद्या पोटुशी राहिली तर? ती गोळी बाळाला वंगाळ असती म्हणतात. डॉक्टरला आधी सांगून गोळी बदलावी लागती. त्ये लपवून कसं व्हायचं?"

आई रडायला लागली. "सांगितलं तर मोडंल हो लग्न."

"मोडू द्या. मोडलं तर पोर तुमच्या घरात जित्ती राहील."

शेवटी आईच म्हणाली, "तुम्हीच सांगा मग त्यांना." आणि ते खरंच गेले. पुढचं मला पल्लवीनंच सांगितलं. त्यांनी मुलाला ओसरीवर समोर बसवलं, शर्ट उघडला आणि म्हणाले, "कान लाव हितं. लाव, लाजू नको. ह्येच तुझ्या बायकोच्या छातीत वाजणार हाय. घाबरायचं असंल तर आत्ताच घाबर, हळद लागल्यावर न्हाई." मुलानं कान लावला. बराच वेळ तसाच बसला. मग विचारलं, "झोपेत पण वाजतं?" "झोपेत तर लई." मुलगा म्हणाला, "मग बरंय. चालू हाय का न्हाई ते बघायला दिवा लावायला नको." लग्न झालं. दोन वर्षांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मुलगी झाली.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगते, की गोळीचं महत्त्व त्यांना कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. रोज संध्याकाळी सात वाजता त्यांच्या मोबाईलमध्ये बैलाच्या हंबरण्याचा गजर व्हायचा आणि ते असतील तिथे गोळी घ्यायचे. पंधरा-सोळा वर्षांत एकही चुकली नाही असं ते अभिमानानं सांगायचे, आणि वही त्याला साक्ष होती.

तो फोन मंगळवारी सकाळी आला. लॅबमध्ये माणसं उभी होती, एक लहान मूल सुईला घाबरून किंचाळत होतं. फोन खांद्यात धरून मी मुलाचा हात पकडला होता.

"ताई, दाढ लई ठणकतीय. तीन दिस झोप न्हाई. काढायची म्हणतोय. गोळी किती दिस बंद करू?"

"भाऊ, ते मी नाही सांगू शकत. तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारा."

"त्ये परगावी गेल्यात म्हणं. फोन लागत न्हाई."

"मग दातांच्या डॉक्टरांना सांगा की वॉल बसवलाय. ते ठरवतील. मनानं बंद करू नका."

"बरं, बरं. तुमी कामात हाय."

मी म्हणाले, "हो."

मी चुकीचं काहीच सांगितलं नव्हतं. लॅबवालीनं गोळ्यांबद्दल सल्ला द्यायचा नसतो. पण त्या 'हो'नंतर त्यांनी फोन ठेवला, आणि दुपारी जेवताना मला परत फोन करता आला असता. त्यांचे डॉक्टर नव्हते तर पुण्याच्या हॉस्पिटलचा नंबर माझ्याकडे होता. तो मी दिला नाही. खरं तर मला ते आठवलंच नाही.

त्यांनी गोळी बंद केली. गावातल्या कुणाची तरी मागे दाढ काढल्यावर रक्त थांबत नव्हतं, ती गोष्ट त्यांच्या डोक्यात होती. दाढ निघाली, रक्तही फारसं आलं नाही. गोळी बंद केल्यापासून नवव्या दिवशी ते तपासायला आले तेव्हा खूश होते. तोंड उघडून मला खाच दाखवली.

"गोळी चालू केलीत ना?" मी विचारलं.

"उद्यापासनं. हिरडीतनं अजून जरा पाझरतंय. आन् उद्या यात्रेचा शेवटचा दिस, फायनलच्या बाऱ्या. माईकवर बोलताना तोंडात रगात आलं तर कसं दिसंल? लोक म्हणतील, ह्यो निवेदक हाय का बिबट्या?"

मला हसू आलं. नाही यायला पाहिजे होतं. मग मी रागावले, "भाऊ, मस्करी नको. आजच घ्या."

"व्हय व्हय. सातला घेतो."

दोन तासांनी रिपोर्ट निघाला. एक पॉइंट दोन. म्हणजे गोळी न घेणाऱ्या कुठल्याही माणसाचं असतं तसं रक्त. मी रिपोर्टवर लाल पेननं लिहिलं, 'ताबडतोब डॉक्टरांना दाखवा', त्याचा फोटो काढून त्यांना पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. हात जोडलेलं चित्र आलं. मी पुढच्या कामाला लागले.

असा आकडा दिसला की फोन करायचा असतो. ते नसतील उचलत तर घरी करायचा. त्यांच्या बायकोचा, सुमनवहिनींचा नंबर रजिस्टरमध्ये त्यांच्या नावाखालीच लिहिलेला होता. नुसती गोळी पुन्हा सुरू करून भागत नाही, तिचा परिणाम व्हायला काही दिवस जातात, तोवर रक्त पातळ ठेवायला इंजेक्शनं द्यावी लागतात, हे मला माहीत होतं. त्यांना नव्हतं. मला वाटलं, संध्याकाळी करू. संध्याकाळी नणंद आणि तिची मुलं आली. ती का आली होती, काय स्वयंपाक केला, आम्ही कशावर हसलो, हे सगळं मला आजही आठवतं.

त्या दिवशी सातला त्यांनी गोळी घेतली. सुमनवहिनींनी नंतर मला सांगितलं. वहीत आकडा लिहिला आणि पुढे शब्द लिहिला, 'दात.'

दुसऱ्या दिवशी घाटावर काय झालं ते साऊंडवाल्या शब्बीरकडून कळलं. वीस वर्षं त्यांचा माईक तोच सांभाळायचा. अकराच्या सुमाराला एक नावाजलेली जोडी सुटली. भाऊ नेहमीसारखे चढत्या आवाजात बोलत होते. मधेच शब्द एकमेकांत गुंतायला लागले. शब्बीर म्हणाला, "मला वाटलं, नक्कल करतायत. दारू प्यालेल्या गाडामालकाची नक्कल करायचे ना ते कधीकधी. पब्लिक पण हसलं. मी उलट व्हॉल्यूम वाढवला, ताई." मग आवाज थांबला. गाडा निशाणापर्यंत आला, पार झाला, आणि वर मंचावर कुणीच बोलत नव्हतं. शब्बीरनं आधी वायर तपासली. वायर ठीक होती. वर बघितलं तर भाऊंच्या उजव्या हातातून माईक गळत होता आणि ते त्याच्याकडे बघत होते.

लोकांना वाटलं ऊन लागलं. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी डोक्यावर पाणी ओतलं. त्यात वेळ गेला. मग यात्रेच्या गर्दीतून जीप बाहेर काढण्यात आणखी गेला. झडपेवर धरलेल्या गाठीचा तुकडा मेंदूत जाऊन अडकला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी जीव वाचवला. उजवी बाजू लुळी पडली, आणि बोलणं गेलं.

पूर्ण गेलं असंही नाही. एक शब्द राहिला. 'आता.' पाणी हवं असलं तरी 'आता', नातू दिसला तरी 'आता', कुत्रं हाकलायचं तरी 'आता'. डोक्यात सगळं जागेवर होतं. समोरच्याचं बोलणं कळायचं, चेहऱ्यावर उत्तर तयार दिसायचं, तोंड उघडायचे आणि बाहेर तेवढंच यायचं. आधी त्यांना स्वतःचाच राग यायचा. सुमनवहिनी सांगायच्या, "मांडीवर बुक्क्या मारून घेतात. आन् आरतीला उभे राहिले की टाळ्यांच्या नादात चार ओळी अख्ख्या म्हणतात बघा. आरती झाली की परत आता, आता. देवाला सांगतात आन् मला न्हाई."

तीन महिन्यांनी ते दोघं लॅबमध्ये आले. मी त्यांचा डावा हात घेतला. शीर सापडली तरी माझा हात थांबला होता. खोलीत आम्हा तिघांशिवाय कुणी नव्हतं.

"भाऊ," मी म्हणाले, "त्या दिवशी रिपोर्ट आल्यावर मी फोन करायला पाहिजे होता. वहिनींना तरी करायला पाहिजे होता."

सुमनवहिनी पदर सारखा करत दुसरीकडे बघायला लागल्या. सावळेरामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आता."

त्यांनी ते कसं म्हटलं, हे मी किती वेळा आठवून पाहिलंय. कधी वाटतं, जाऊ द्या म्हणाले. कधी वाटतं, आता काय उपयोग म्हणाले. त्यांच्या घरच्यांना सूर ओळखता यायचे. मला नाही आले. वहिनींना विचारायचा धीर झाला नाही. मी रक्त घेतलं, कापूस दाबून धरला, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला.

आता कुणाचा आकडा दोनच्या खाली आला की मी मेसेज करून थांबत नाही. माणूस प्रत्यक्ष बोलेपर्यंत फोन करते. काहीजण वैतागतात. वैतागू देत.

वर्षभर ते येत राहिले, आणि काटा कधी नव्हे इतका बरोबर असायचा, कारण गोळ्या सुमनवहिनी द्यायच्या. पण हृदय थकत चाललं होतं. पायांवर सूज यायची. एका दुपारी जेवून ओसरीवर पडले ते उठले नाहीत. दशक्रियेला मी गेले. भोवतालच्या गावांतले निवेदक आले होते, एकेकजण माईकवर बोलत होता, आणि शब्बीर मशीनपाशी मान खाली घालून बसला होता. पल्लवी नवऱ्याला आणि मुलीला घेऊन आली होती. कुणीतरी मलाही बोलायला सांगितलं. मी नको म्हणाले.

त्यांना शेवटचं पाहिलं ते ते गेले त्याच्या पंधरा-वीस दिवस आधी. चतुर्थी होती, मी ओझरला दर्शन घेऊन परत येत होते. पुलाच्या अलीकडे समोरून स्कूटी येताना दिसली तशी मी गाडी कडेला घेतली. सुमनवहिनी चालवत होत्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर शिकल्या होत्या, दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी कुणाला किती वेळा मागायचं म्हणून. हँडल घट्ट धरून, नऊवारीचा काष्टा सावरत, रस्त्यावरून नजर न हलवता. मागे सावळेरामभाऊ, टोपी घातलेले, डावा हात त्यांच्या खांद्यावर. कुठे वळायचं ते खांद्यावर थाप मारून सांगत होते.

फाट्यावर त्यांनी डावीकडे वळायची थाप मारली. वहिनी उजवीकडे वळल्या. त्यांनी जोरात थाप मारली, "आता! आता!" वहिनींनी रस्त्यातच स्कूटी थांबवली आणि मागे वळून ओरडल्या, "आवं, दिसतंय मला! खोदलंय तिकडं! त्या खड्ड्यात घालू का तुमाला?"

त्यांनी वाकून बघितलं. डावीकडचा रस्ता खरंच पाइपलाइनसाठी खोदलेला होता. ते हसायला लागले. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण खांदे हलत होते. वहिनीही हसल्या, रस्त्याच्या मधोमध, मागे हॉर्न वाजत असताना.

मी हात वर केला. हाक मारणार तेवढ्यात टोमॅटोच्या क्रेटनी भरलेला टेम्पो मधे आला. तो गेला तेव्हा ते पुढे निघाले होते, सावकाश, कडेकडेनं. माझी गाडी तिथेच उभी होती, किल्ली लावलेली. दोन मिनिटांत गाठता आलं असतं. मी त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले आणि मग नारायणगावच्या दिशेनं गाडी काढली, कारण लॅबमध्ये माणसं थांबली होती.